हात केला की थांबायचं!

सोलो राइडला निघालो होतो ते एकटं राहायला. चारकोप ते मुक्तिनाथ आणि परत, साधारण सव्वाचार हजार किलोमीटर. एकटं राहणं काही जमलं नाही. आणि बरंच झालं!

एक सांगा. तुम्ही लाँग राइडला निघालाय. हायवेवर समोरून कोणीतरी लगेज लादलेली बाईक घेऊन येतोय. तुम्ही काय करता? हात वर करता, बरोबर? ओळख ना पाळख, नाव ना गाव, पण हात वर जातोच. रायडर मंडळींचा हा नमस्कार जगभर चालतो, फक्त तऱ्हा वेगळ्या. अमेरिकेत आणि बऱ्याचशा युरोपात गाड्या उजवीकडून चालतात. समोरचा रायडर आपल्या डाव्या हाताला येतो, त्यामुळे डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवली की काम झालं. फ्रान्समध्ये तुम्ही एखाद्या रायडरला पुढे जायला जागा दिलीत, तर तो उजवा पाय बाजूला काढून थँक्यू म्हणतो! आपल्याकडे गाड्या डावीकडून. समोरचा उजव्या बाजूने जाणार आणि आपला उजवा हात तर थ्रॉटलवर अडकलेला. मग डावा हात उंच करायचा, नाही जमलं तर हेल्मेटसकट मान हलवायची.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही १८ ऑक्टोबर २०२३ च्या दुपारी, नेपाळमध्ये बुटवलच्या पुढच्या घाटात एका माणसाने मला हात केला आणि मी चुकीचं उत्तर दिलं. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. पण या ट्रिपबद्दल कोणी विचारलं की पहिल्यांदा तोच आठवतो.

चारकोप नाका, पहाटे साडेचार

आधी थोडं माझ्याबद्दल. मी पक्का चारकोपवाला. सेक्टरमधलं घर, मालाडला ऑफिस, आणि गाडीवर एमएच ४७. बोरिवली आरटीओचं ऑफिस आमच्या चारकोपातच आहे, त्यामुळे ही नंबरप्लेट म्हणजे घरचीच!

आमचा पाच जणांचा बाईक ग्रुप होता. माळशेज, महाबळेश्वर, गोवा, एकदा लडाख. मग जे सगळ्या ग्रुपचं होतं तेच आमचं झालं. एकाचं लग्न, एकाला मुलगी, एक कॅनडाला, आणि चौथा दर वेळी म्हणणार, 'नेक्स्ट टाइम नक्की'. त्यात त्या वर्षी ऑफिसात आमची अर्धी टीम कमी झाली. मी उरलो. उरलेल्याची मजा अशी की दोघांचं काम एकाला करावं लागतं आणि वर 'तू लकी आहेस' हेही ऐकावं लागतं. सप्टेंबरपर्यंत माझी अवस्था अशी झाली, की फोन वाजला तरी अंगावर काटा यायचा. मला कोणाशीच बोलायचं नव्हतं. म्हणून सोलो. म्हणून परदेश. आणि खिशाचा विचार करता, म्हणून नेपाळ.

'नेपाळ? ते काय परदेश आहे?' मित्राने खिजवलंच. पण बॉस, आपली स्वतःची बाईक स्वतः चालवत दुसऱ्या देशात न्यायची, यातली किक वेगळी असते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, आपलं लायसन्स चालतं, फक्त सीमेवर गाडीचं 'भन्सार' भरायचं. भन्सार म्हणजे तिथलं कस्टम्स. पुढे इराण-युरोपपर्यंत जाणाऱ्यांना गाडीचा पासपोर्ट म्हणावा असं कार्नेट आणि आंतरराष्ट्रीय लायसन्स वगैरे सोपस्कार असतात. माझ्यासारख्या नवशिक्याला नेपाळ बेस्ट.

गाडीचा ब्रँड मुद्दाम सांगत नाही. सांगितला की अर्धे वाचक लगेच पक्ष घेतील.

१४ ऑक्टोबरला, शनिवारी पहाटे साडेचारला निघालो. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, त्यामुळे आई नाराज. तरी हातावर दही ठेवलं. बाबा नाक्यापर्यंत चालत आले. बेस्टमधून रिटायर झालेला माणूस, फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "पैसे जपून ठेव. कोणापुढे हात पसरायची वेळ आणू नकोस."

मी म्हटलं, "बाबा, सगळं बरोबर घेतलंय." पंक्चर किट, ट्यूब, क्लच केबल, चेनचा स्प्रे, औषधं, पॉवर बँक. कोणाची गरज लागणार नाही, असा माझा थाट.

त्याने हात केला, मीही केला

नाशिक, इंदूर, झाशी, लखनौ, गोरखपूर. जवळजवळ पावणेदोन हजार किलोमीटर चार दिवसांत ओढले आणि पाचव्या सकाळी सुनौली बॉर्डरवर उभा राहिलो. कमानीच्या पलीकडे गेलात की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पाव तासाने पुढे! पण भन्सारच्या रांगेत दोन तास गेले. दशैं तोंडावर आलेला. दशैं म्हणजे आपली नवरात्र-दसरा, नेपाळमधला सगळ्यात मोठा सण. भारतात कामाला असलेली मंडळी गावी निघालेली, बॉर्डरवर ही गर्दी.

बुटवल सोडलं की सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरतो. भारताच्या मदतीने बांधलेला हा रस्ता पाल्पावरून पोखराला जातो. पण सुरुवातीचा सिद्धबाबाचा पट्टा दरडींसाठी बदनाम. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल नदी. पोखरा अजून दीडशे किलोमीटर आणि अंधार पडायच्या आत पोचायचं हे डोक्यात फिट्ट.

त्या पट्ट्याच्या पुढच्या एका वळणावर तो दिसला. उत्तर प्रदेशच्या नंबरची बाईक, मागे दोरीने बांधलेली बॅग. पन्नाशीचा माणूस, गाडीच्या बाजूला दगडावर बसलेला. मला बघून उठला आणि त्याने हात वर केला.

मीही हात वर केला. हसलो सुद्धा. आणि थ्रॉटल पिळला.

दोनशे मीटर पुढे गेल्यावर कळलं, की तो नमस्कार नव्हता. नमस्कार करायला कोणी दगडावरून उठत नाही. खरं सांगू? हे मला पहिल्या सेकंदालाच कळलं होतं. हात वर करताना मी स्वतःला फसवत होतो. मागे वळायला त्या घाटात जागा नाही, मागून ट्रक येतोय, मला काय नेपाळी येतं, दुसरं कोणीतरी थांबेल. एका किलोमीटरमध्ये मी अशी चार कारणं तयार केली. आठव्या किलोमीटरला वाटलं, आता तर वळण्यात अर्थच नाही.

रात्री पोखरात पोचलो. फेवा तालाच्या काठी हॉटेल, झकास जेवण. झोप मात्र लागली नाही.

तातोपानीची मैफल

एक दिवस पोखरात आराम करून २० तारखेला वर निघालो. पोखरा ते बेनी ठीक. बेनीनंतर मात्र रस्ता या शब्दावरचा तुमचा विश्वास उडतो. डावी-उजवीकडे कालीगंडकीचं खोरं. आपल्याकडे तुळशीच्या लग्नात कृष्ण म्हणून जो शाळिग्राम ठेवतात, तो याच नदीत सापडतो. एका अंगाला धवलगिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर. मध्ये मी, पहिल्या गिअरमध्ये, धूळ खात.

मुक्कामाला तातोपानी. नावातच सगळं आलं, गरम पाण्याची कुंडं. दिवसभर हाडं खिळखिळी झालेला प्रत्येक रायडर संध्याकाळी तिथे गळ्यापर्यंत बुडून बसलेला असतो. कोणाशी बोलायचं नाही हा माझा पण तिथे अर्ध्या तासात मोडला. कारण त्या पाण्यात हेल्मेट नसतं!

कोलकात्याचे दोघे होते. मेहुणे-मेहुणे. घरी देवीची पूजा सोडून आल्याबद्दल दोघांच्याही बायका भडकलेल्या. आणि एक ऑस्ट्रेलियन बाई. साठीच्या पुढच्या, रिटायर्ड नर्स, काठमांडूत भाड्याने बाईक घेऊन एकट्या फिरत होत्या. आपल्याकडे या वयाची बाई स्कूटरवर मागे बसली तरी लोक म्हणतात, 'सांभाळून हं मावशी.'

गप्पा सुरू झाल्या त्या बोर्डांवरून. नेपाळी देवनागरीत लिहितात, म्हणजे मला सगळे बोर्ड वाचता येतात. बाईंना एकही नाही. त्यांनी फोनमधले फोटो दाखवले, 'हे काय लिहिलंय?' मी ऐटीत वाचत सुटलो. 'बाटो बन्द' सोपं, आपली वाटच. 'बिस्तारै' म्हणजे सावकाश, हे एव्हाना शिकलो होतो. मग आला 'पहिरो'. मी म्हटलं, पहारा असेल, पोलीस चौकी. लॉजचा मालक हसून लोळायचा बाकी. पहिरो म्हणजे दरड! गेले दोन दिवस मी 'पुढे दरड आहे' या बोर्डांकडे बघून पोलिसांसाठी हेल्मेटचा पट्टा नीट करत होतो.

जेवताना मी बाईंना तो ठरलेला प्रश्न विचारला. एकटं फिरायला भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, चौघं मिळून फिरतात तेव्हा लोक नुसते बघतात आणि जातात. एकटं माणूस दिसलं की जवळ येतात, बोलतात, खायला देतात. एकटी निघाल्यापासूनच मला जास्त माणसं भेटली.

मी काही बोललो नाही. घाटातला तो माणूसही एकटाच होता.

रुप्सेचं पाणी आणि बोकडवाला

२१ तारखेला सकाळी तातोपानी सोडलं. थोडं वर गेल्यावर रुप्सेचा धबधबा लागतो. फोटोत एकदम स्वर्ग. धबधब्याचं पाणी दगडगोट्यांतून रस्ता ओलांडून खाली नदीला जातं. पाण्यातून गाडी काढायचा नियम सगळ्यांना माहीत असतो. पहिला गिअर, थ्रॉटल स्थिर, नजर पलीकडच्या काठावर. मी नजर खाली दगडांवर ठेवली. पुढचं चाक एका गोलट्या दगडावरून सटकलं आणि मी गाडीसकट पाण्यात आडवा.

नडगीला जबर मार. बर्फासारखं पाणी बुटात. गाडीखालून पाय काढला, इंजिन बंद केलं आणि बघतो तर क्लचचा लिव्हर तुटलेला. जेमतेम दीड इंचाचं खोड शिल्लक. माझ्याकडे क्लच केबल होती, लिव्हर नव्हता! दोनशे किलोची गाडी एकट्याने पाण्यातून उचलायचा प्रयत्न दोनदा केला. तिसऱ्यांदा करायची ताकद नव्हती.

आणि मग मी तेच केलं जे त्याने केलं होतं. काठावर येऊन उभा राहिलो. समोरून बाईकचा आवाज आला. हात वर केला.

मनात आलं, हा जर हसून हात करून निघून गेला तर?

तो थांबला. विशीतला मुलगा, पायात चप्पल, छोटी सव्वाशे सीसीची गाडी, आणि टाकीवर, मांडीत, एक जिवंत बोकड! दशैंत घरोघरी बोकड नेतात, त्याला 'खसी' म्हणतात. याने आधी खसी उतरवून दगडाला बांधला, मग चपला काढून सरळ पाण्यात उतरला. "दाइ, तपाईं त्यता समात्नुस्," असं काहीतरी म्हणाला. मला एवढंच कळलं की मी दादा आहे आणि मला एक बाजू धरायची आहे. दोघांनी मिळून गाडी बाहेर काढली.

आता खरं सांगतो. तोपर्यंत 'रायडर' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जॅकेट, गार्ड, बूट, पॅनियर असला ऐवज यायचा. रोज याच रस्त्यावरून चपलेवर सिलिंडर, सिमेंट, बोकड नेणारा मुलगा माझ्या लेखी रायडर नव्हता. तो सकाळपासून तीन वेळा माझ्या समोरून गेला असता तरी मी त्याला हात केला नसता.

वीसेक मिनिटांत मागून बाई आल्या, त्यांच्या मागे कोलकात्याचे मेहुणे. पाण्यातून तिघेही मस्त पार. मेहुण्यांनी माझी नडगी धुऊन पट्टी बांधली. बाईंनी तुटलेल्या लिव्हरकडे बघितलं आणि बॅगेतून एक पक्कड काढली. आपल्याकडे गॅरेजवाले जिला व्हाइस ग्रिप म्हणतात ती, एकदा आवळली की लॉक होणारी. लिव्हरच्या उरलेल्या खोडावर त्यांनी ती कचकचून लॉक केली. झाला लिव्हर तयार! दाबून बघितलं, क्लच सुटतोय. दिसायला भयंकर, चालायला फर्स्ट क्लास.

मी म्हटलं, बेनीत गॅरेज बघून पक्कड परत देतो. बोकडवाल्याने मान हलवली. दशैं! बेनीतली सगळी गॅरेजं चार दिवस बंद. मग मी पैसे काढले. बाईंनी असं बघितलं की नोटा परत खिशात गेल्या. "ठेव तुझ्याकडे. पुढच्याला लागेल तेव्हा दे," म्हणाल्या. त्यांनाही ती तुर्कस्तानात कोणीतरी अशीच दिलेली.

बोकडवाल्याने पैसे घेतले नाहीतच. खसी मांडीत घेतला आणि हाताने खुणा करून सांगितलं, येताना घरी ये, दाना गाव, रस्त्यालाच घर. आणि गेला.

टोपीतलं धान

पक्कड आवळून मुक्तिनाथ गाठलं. जोमसोमच्या खोऱ्यात सकाळी अकरानंतर असा वारा सुटतो की गाडी तिरकी धरून चालवावी लागते, म्हणून पहाटेच निघालो. मंदिर साडेतीन हजार मीटरच्याही वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंचीपेक्षा जास्त. एकशे आठ धारांखाली कुडकुडत डोकं धरलं. खोटं कशाला बोलू, देवाकडे काही मागायचं सुचलंच नाही. डोक्यात सिद्धबाबाच्या पुढचं ते वळण होतं.

उतरताना २४ तारीख. आपल्याकडेही त्याच दिवशी दसरा. दाना गावात घर शोधावं लागलं नाही, मुलगा रस्त्यातच उभा. घरात त्याची आजी पाटावर बसलेली, समोर ताटात दही-तांदळात लाल रंग कालवलेला टीका. घरातली सगळी वयाने लहान माणसं रांगेने टीका घेत होती. मलाही बसवलं. आजीने कपाळभर टीका लावला आणि कानामागे जवाचे पिवळे कोवळे कोंब खोचले. 'जमरा' म्हणतात त्याला. घटस्थापनेला पेरतात, दशमीला खोचतात.

अरे, हे तर आपलं घटाचं धान! लहानपणी आजोबा दसऱ्याला टोपीत खोवायचे ते. चारकोपात आई त्या दिवशी घट उठवत असणार आणि ते धान फोटोला वाहत असणार. जवळजवळ दोन हजार किलोमीटरवर, जिची भाषा मला चार शब्दांपलीकडे येत नाही अशी आजी तेच माझ्या कानामागे खोचत होती. डोळ्यांत पाणी आलं. धुळीचं नाव पुढे केलं.

परतीच्या वाटेवर बुटवलच्या आधी त्या वळणावर गाडी थांबवली. दगड होता. माणूस अर्थातच नव्हता. इतक्या दिवसांनी कोण असणार? जवळच्या टपरीवर विचारलं, तर टपरीवालीलाही काही आठवत नव्हतं. बहुतेक त्याला कोणीतरी मदत केली असेल. मी मात्र केली नाही, एवढं पक्कं.

मुंबईहून निघालेले

घरी आल्यावर मी या विषयावर वेड्यासारखं वाचत सुटलो. आपल्या मुंबईला हा नाद फार जुना आहे, हे तेव्हा कळलं. १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. एक तेहरानहून परतला, एक न्यूयॉर्कहून, एक अमेरिकेतच राहिला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी मात्र सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर पुरे केले आणि १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईत परतले. ना फोन, ना नकाशाचं अ‍ॅप. रस्त्यात भेटेल त्या माणसावर विश्वास टाकल्याशिवाय हे शक्य आहे? मी निघालो ते त्यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, एक दिवस आधी. आणि माझा थाट काय, तर कोणाची गरज लागणार नाही! त्याच २०२३ मध्ये आपली रमिला लटपटे नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियावरून बाईकवर जगप्रवासाला निघाली होती.

पण मला सगळ्यात आतून हलवलं ते योगेश आळेकरीच्या गोष्टीने. हा मराठी रायडर १ मे २०२५ ला, महाराष्ट्र दिनी, मुंबईहून एकटा निघाला. सतरा देश, चोवीस हजारांहून जास्त किलोमीटर करून इंग्लंडला पोचला. ऑगस्टच्या शेवटी नॉटिंगहॅमच्या वॉलटन पार्कमध्ये भरदिवसा चोरांनी त्याची बाईक पळवली. पासपोर्ट, कागदपत्रं, लॅपटॉप, सगळं गाडीवरच. पुढे आफ्रिकेत जायचं स्वप्न होतं ते तिथेच ठप्प.

ही बातमी आली त्या दिवशी आमच्या बंद पडलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन वर्षांनी पाचही जण बोलले. प्रत्येकाला वाटत होतं आपलीच गाडी गेली. मग तिकडचे रायडर कामाला लागले. ओळखीपाळखीचे नसलेले लोक धीर देऊ लागले, गाडीचा शोध घेऊ लागले. गाडी मिळाली नाही. पण जवळच्याच मॅन्सफिल्डमधल्या एका मोटारसायकल डीलरने त्याला तशीच केटीएम देऊ केली. फुकट!

चार चोरांनी एका माणसाची बाईक नेली, हे खरं. पण ज्यांनी ती चोरली नव्हती, त्यांना ते आपलं देणं वाटलं. मला हेच कळत नव्हतं इतके दिवस. रस्त्यावरचा हिशोब ज्याच्याकडून घेतलं त्यालाच परत असा नसतो. बाईंना मी काय परत देणार? बोकडवाल्याला काय? तो दगडावरचा माणूस तर मला कधीच भेटणार नाही. हिशोब पुढच्याच माणसापाशी फेडायचा असतो.

बाबांच्या प्लेटा

हे सगळं एका रात्री बाबांना सांगितलं. घाटातल्या माणसासकट. म्हटलं, तुम्ही म्हणाला होतात हात पसरू नकोस, मला तर पसरावा लागला.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हे घर कसं बांधलं माहितेय का तुला?"

ऐंशीच्या दशकात वर्ल्ड बँकेच्या मदतीने म्हाडाने चारकोपात प्लॉट पाडले, हे मला ऐकून माहीत होतं. पस्तीसेक घरांची सोसायटी, मध्ये अंगण. जागा आणि पाणी-रस्ते सरकारचे, घर ज्याने त्याने बांधायचं. बाबांकडे स्लॅबपुरते पैसे होते, सेंटरिंगच्या प्लेटांचं भाडं द्यायला नव्हते. समोरच्यांचा स्लॅब झाला होता. त्यांनी स्वतःहून प्लेटा आणून टाकल्या, वर दोन रविवार मालाची घमेली उचलायलाही आले.

"मग तुम्ही त्यांना काय दिलंत?"

"काही नाही. ते घेईनातच. मग आपल्या बाजूच्यांचा स्लॅब आला तेव्हा मी गेलो घमेली उचलायला."

तीस वर्षांत मला हे सांगितलं नव्हतं. हात पसरण्याची लाज जेवढी शिकवली, तेवढी ही गोष्ट शिकवायची राहून गेली असावी. ते स्वतःही थोडे ओशाळले. "तुला थांबायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले.

ती पक्कड परवापर्यंत माझ्याकडेच होती. सीटखाली, फडक्यात गुंडाळून. मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला लिंक रोडवर एक डिलिव्हरीवाला पोरगा गाडी ढकलत चाललेला दिसला. त्याने हातही केला नव्हता. गिअरचा पायातला दांडा मोडलेला. मी पक्कड काढली, उरलेल्या तुकड्यावर लॉक केली. गाडी गिअरमध्ये पडली. त्याच्या पिशवीतलं कोणाचं तरी जेवण अजून गरम होतं.

"दादा, उद्या आणून देतो. कुठे राहता?"

क्षणभर वाटलं, पत्ता द्यावा. आठवण होती ती माझी. मग म्हटलं, "नको. ठेव तुझ्याकडे. पुढच्याला लागेल तेव्हा दे."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की रात्री अकराला हा माणूस प्यायलाय की काय! मग हसला, हात केला आणि चारकोपच्या दिशेने सुटला. मीही हात केला. या वेळी बरोबर.

नेपाळला स्वतःची बाईक नेताय? हे वाचाच

● पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. गाडीचं ओरिजिनल आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी हवंच.

● भन्सार जितक्या दिवसांचं भराल तितकेच दिवस गाडी ठेवता येते. एक-दोन दिवस जास्तीचे भरा, दरड कोसळली तर घाई होत नाही.

● भारतीय एक रुपया म्हणजे नेपाळी एक रुपया साठ पैसे, हा दर पक्का आहे. डोंगरात रोख नेपाळी रुपयेच कामाला येतात.

● अन्नपूर्णा भागासाठी परमिट लागतं. पोखरात काढून घ्या.

● दशैंच्या दिवसांत गॅरेज बंद असतात. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, केबल, ट्यूब आणि एक लॉकवाली पक्कड घेऊनच निघा.

● जोमसोमच्या पट्ट्यात सकाळी लवकर गाडी चालवा, दुपारी वारा दमवतो. उंचीवर पहिल्या दिवशी मस्ती नको.

● आणि वेळेचं गणित आखताना रोज एक तास मोकळा ठेवा. स्वतःसाठी नाही. वाटेत कोणी हात केला तर थांबण्यासाठी.